पिशवी नसलेल्या लेकी काय म्हणतात

(आमच्या रेडिओ केंद्रावर बुधवारच्या दुपारच्या कार्यक्रमात केलेलं बोलणं)

रेडिओचा आवाज बारीक करू नका. आज घरातल्या सगळ्यांनीच ऐकावं असा विषय आहे.

सुरुवात आमच्या एका चुकीपासून करतो. मागच्या वर्षी आम्ही पाळीवर चार कार्यक्रम केले होते. पहिल्याच दिवशी आमच्यापैकी एकीने माइकवर ठासून सांगितलं, "बारा-तेरा वर्षांची झाली की प्रत्येक मुलीला पाळी येते, तीच बाईपणाची खूण." कागदावर लिहिलेलं होतं, ते वाचलं, गाणं लावलं आणि चहा प्यायला बसलो. चहा संपायच्या आत फोन वाजला. पलीकडे एक मुलगी होती. नाव सांगितलं नाही. म्हणाली, "ताई, मला एकोणीस पूर्ण झाली. मला कधीच आली नाही. येणारही नाही, माझ्या पोटात पिशवीच नाही. मग मी कोण, ते पण सांगा ना रेडिओवर."

आमच्याकडे उत्तर नव्हतं. "थांब हं बाळा," म्हणून आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो, तेवढ्यात तिने फोन ठेवून दिला.

पुढच्या बुधवारी आम्ही माइकवर माफी मागितली. ती तिने ऐकली आणि परत फोन केला. तिच्यामुळे आमची आणखी तिघींशी ओळख झाली. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांची एकमेकींशी ओळख झाली होती आणि त्या आता फोनवर बोलत असतात. या चौघींशी आम्ही सहा-सात महिने बोलतोय. जे सांगणार आहोत ते त्यांना विचारून सांगतोय. गावं आणि थोड्या खाणाखुणा बदलल्या आहेत, तेव्हा "ही अमक्याची सून दिसते" असे अंदाज बांधत बसू नका.

आधी हे असतं काय, ते बघू.

मूल आईच्या पोटात असतं तेव्हा, अगदी पहिल्या काही महिन्यांत, मुलीच्या ओटीपोटात दोन बारीक नळ्या तयार होतात. त्या मध्यभागी येऊन एकमेकींना जुळतात आणि त्यांची पिशवी बनते, म्हणजे गर्भाशय. योनिमार्गाचा वरचा भागही त्यातूनच बनतो. काही मुलींमध्ये हे जुळणं होत नाही. पिशवी बनतच नाही, किंवा नुसते छोटे कोंब राहतात. योनिमार्ग तोकडा राहतो. बाहेरून काहीच कळत नाही. बीजकोष वेगळ्या ठिकाणाहून तयार होतात, त्यामुळे ते बहुतेक जणींचे ठणठणीत असतात. स्त्रीबीज तयार होतं, छाती भरते, अंगावर बायकांसारखे केस येतात, सगळं वेळच्या वेळी होतं. फक्त पाळी येत नाही. डॉक्टर याला एम.आर.के.एच. म्हणतात, चार डॉक्टरांच्या आडनावांची ती आद्याक्षरं आहेत. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

साधारण साडेचार-पाच हजार मुलींमागे एक मुलगी अशी जन्मते. आम्ही हिशेब केला. दोन लाख वस्तीचा तालुका धरला तर बायका-मुली एक लाख. त्यात वीस जणी निघतात. म्हणजे आपल्या तालुक्यातही असतील. आपल्याला त्या दिसत नाहीत, कारण त्यांना लपवून ठेवलेलं असतं. नाहीतर "वांझ" या एका शब्दाखाली त्या दडपलेल्या असतात.

हे का होतं? ग्रहणात आईने विळी चालवली म्हणून नाही. पपई खाल्ली म्हणून नाही, कुणाची नजर लागली म्हणूनही नाही. आमच्या फोनवालीच्या आईला तिच्या स्वतःच्या जावेने ग्रहणाचं ऐकवलं होतं. ती माउली सहा वर्षं ते मनात धरून होती. दर ग्रहणाला लेकीकडे बघून रडायची. बाईचं एवढं रडणं फुकट गेलं, याचा आम्हाला फार राग येतो.

या मुलींच्या कहाण्या सुरुवातीला सारख्याच असतात. वर्गातल्या सगळ्यांना नहाण आलं, हिला नाही. आई म्हणते उशिरा येईल, आत्याला पण उशिरा आली होती. पंधरा होतात, सोळा होतात. मग कुणीतरी पाळीच्या गोळ्या देतं. आमच्या चौघींपैकी एकीने दीड वर्ष गोळ्या खाल्ल्या. सोनोग्राफी करायचं त्या डॉक्टरला सुचलं नाही. जिथून यायचं ती पिशवीच नाही, तर गोळीने काय येणार? दुसऱ्या एकीच्या घरच्यांनी ठरवलं की लग्न झालं की आपोआप येईल. लग्न लावलं. पहिल्या रात्रीपासून तिला जो त्रास झाला, तो तिने आम्हाला सांगितला. इथे सांगणार नाही. एकच सांगतो, ज्या गोष्टीसाठी तिच्या शरीरात जागाच नव्हती, त्या गोष्टीची तिच्यावर जबरदस्ती झाली. नवऱ्याला वाटलं बायको नाटक करते. तीन महिन्यांत ती माहेरी परत आली.

म्हणून मधेच एक कामाची गोष्ट सांगून ठेवतो. मुलगी पंधरा वर्षांची झाली आणि पाळी आली नाही तर डॉक्टरला दाखवा, सोनोग्राफी करून घ्या. दर महिन्याला पोटात कळा येतात पण रक्त दिसत नाही, असं असेल तर वयाची वाट बघू नका. कधी कधी पिशवी असते, पाळी आत येत असते, फक्त बाहेर यायची वाट पडद्याने बंद असते. ते छोट्या शस्त्रक्रियेने मोकळं होतं. आणि पिशवी नाही असं निघालं, तर मूत्रपिंडांची तपासणीही करून घ्या. या मुलींपैकी काही जणींना मूत्रपिंड एकच असतं किंवा भलत्या जागी असतं. तोकडा योनिमार्ग लांबवण्याचे उपाय आहेत, बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय, डायलेटर नावाच्या साधनाने हळूहळू होतात. पण घाई नको. मुलीला स्वतःला पाहिजे असेल तेव्हा, तिच्या मर्जीने. नवरदेव बघायला येणार म्हणून नाही.

आता आजचा मुख्य विषय. दुसरीची पिशवी काढून हिच्या पोटात बसवता येते का?

येते. हे ऐकून आमच्यातल्या निम्म्या जणींनी कपाळावर हात मारला होता. पण खरं आहे.

स्वीडन देशात गोथेनबर्ग शहरात मॅट्स ब्रॅनस्ट्रॉम नावाच्या डॉक्टरांनी कित्येक वर्षं प्राण्यांवर अभ्यास केला आणि मग नऊ बायकांवर ही शस्त्रक्रिया केली. नवांपैकी आठ जणी जन्मतःच पिशवी नसलेल्या होत्या, एकीची कर्करोगामुळे काढलेली होती. दोघींच्या बाबतीत पिशवी टिकली नाही, काढावी लागली. सात जणींची टिकली. त्यातल्या एकीला सप्टेंबर २०१४ मध्ये मुलगा झाला. बसवलेल्या पिशवीतून जन्मलेलं ते जगातलं पहिलं मूल. पिशवी देणारी बाई एकसष्ट वर्षांची होती, नात्यातली नव्हे, घरोब्यातली. पाळी जाऊन वर्षं झालेली, तरी पिशवीने काम केलं. त्या नऊ जणींमध्ये बहुतेकींना आईनेच पिशवी दिली होती. आणि एकीला तर सासूने. होय, सासूने. हे आम्ही मुद्दाम सांगतोय. कोण कोण ऐकतंय ते आम्हाला माहीत आहे.

आपल्याकडे हे पुण्यात झालं. १८ मे २०१७ रोजी डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या साथीदारांनी देशातली पहिली अशी शस्त्रक्रिया केली, ती आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या एकवीस वर्षांच्या मुलीवर. जन्मतः पिशवी नव्हती, तिच्या आईने आपली दिली. दुसऱ्याच दिवशी गुजरातमधल्या एका बाईवर झाली. तिला पिशवी होती पण आतून खराब झालेली. तिलाही आईनेच दिली. त्या गुजरातच्या बाईला १८ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यातच मुलगी झाली. दिवस भरायच्या आधी, दीड किलोच्या आतबाहेर वजन. ज्या पिशवीत आई वाढली, त्याच पिशवीत तिची लेक वाढली.

त्याच्या आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, ब्राझील देशात आणखी वेगळं घडलं होतं. मेंदू मृत झालेल्या एका बाईची पिशवी तिच्या घरच्यांनी दान केली आणि ती बसवलेल्या बाईला मुलगी झाली. जगभरात आता शंभराहून जास्त अशा शस्त्रक्रिया झाल्या आहेत आणि पन्नासहून जास्त मुलं जन्मली आहेत. २०२५ मध्ये इंग्लंडमध्येही एकीला मुलगी झाली, तिथे पिशवी बहिणीने दिली होती.

एवढं ऐकलं की वाटतं, झालं, प्रश्न मिटला. आम्हालाही तसंच वाटलं. मग आम्ही एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंकडून सगळी पद्धत समजून घेतली. ती सांगताना घाई करणार नाही, कारण इथेच लोक फसतात.

पहिली गोष्ट, पिशवी बसवली की दिवस राहतात असं नाही. बसवलेल्या पिशवीला बीजवाहिन्या जोडत नाहीत. म्हणून आधी हिची स्त्रीबीजं आणि नवऱ्याचं बीज काढून बाहेर गर्भ तयार करतात आणि गोठवून ठेवतात, टेस्टट्यूब बेबीला करतात तसं. त्या इंजेक्शनांचा त्रास आणि खर्च वेगळा. मग देणारीचं ऑपरेशन. ते घेणारीच्या ऑपरेशनपेक्षाही नाजूक. आपल्याकडे पिशवी काढतात ना, तसं हे नाही. इथे पिशवीच्या रक्तवाहिन्या लांबपर्यंत सोडवून घ्याव्या लागतात, आणि त्यांच्याच अंगाखालून लघवीच्या नळ्या जातात. स्वीडनमध्ये पहिल्या नऊ जणींना टेबलावर दहा-दहा तासांच्या वर लागले. एकीच्या लघवीच्या नळीला इजा झाली आणि दुरुस्तीसाठी परत ऑपरेशन करावं लागलं. आता दुर्बिणीने करतात, वेळ कमी लागतो, पण देणाऱ्या बाईला स्वतःला यातून काही मिळत नाही आणि धोका मात्र तिचाही असतो.

घेणारीच्या पोटात पिशवी बसवली, रक्त सुरू झालं, की एक-दोन महिन्यांत तिला आयुष्यातली पहिली पाळी येते. पण शरीर म्हणतं, हे माझं नाही, फेकून द्या. ते फेकू नये म्हणून रोज, न चुकता गोळ्या घ्यायच्या. त्या गोळ्या अंगाची प्रतिकारशक्ती खाली आणतात, म्हणजे जंतुसंसर्ग लवकर होतो, आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. मधून मधून पिशवीच्या तोंडाचा तुकडा काढून तपासतात. काही महिने, कुठे कुठे वर्षभर, सगळं नीट चाललं तर गर्भ आत सोडतात. तो राहिला तर राहिला. राहिला तर बाळंतपण सिझरच. नसा जोडलेल्या नसतात, त्यामुळे कळा कळत नाहीत. मूल बऱ्याचदा लवकर जन्मतं, आईचं रक्तदाब वाढायचं प्रमाणही जास्त असतं. एक किंवा दोन मुलं झाली की पिशवी परत काढून टाकतात, म्हणजे त्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागत नाहीत. मोजा, मूल एकच झालं तरी हिच्या पोटावर किती वेळा चीर पडली.

म्हणजे ही पिशवी काही दिवसांसाठी उसनी आणलेली असते. किडनीसारखी जीव वाचवायला बसवलेली नसते. ती नाही बसवली तरी बाई मरत नाही. म्हणून इथे "डॉक्टर म्हणाले" एवढ्यावर काम भागत नाही. बाईला काय पाहिजे, हा प्रश्न सगळ्यात आधी येतो.

तर आम्ही तोच प्रश्न चौघींना विचारला. आम्हाला वाटलं होतं, चौघी एकच उत्तर देतील.

फोनवाली, ती आता वीस वर्षांची आहे, नर्सिंगला जाते. म्हणाली, "मला मुलाचं आत्ता काही नाही ताई. पण एकदा तरी पाळी यावी असं फार वाटतं. हॉस्टेलला पोरी पॅड मागतात तेव्हा मी पण पिशवीत एक पाकीट ठेवते. कुणी मागितलं तर देता यावं म्हणून." आम्ही इथे दर महिन्याला कंबर धरून कुरकुर करणाऱ्या बाया. आम्हाला काही बोलता आलं नाही. पण तिचं ऑपरेशनाबद्दल मत विचारलं तर ती पटकन म्हणाली, "एवढ्यासाठी पोट फाडायचं? नको. मी वॉर्डात बघते ना रोज."

दुसरी चौतीस वर्षांची, अंगणवाडीत मदतनीस. हीच ती, तीन महिन्यांत माहेरी आलेली. परत लग्न केलं नाही. तिचं उत्तर फटकळ होतं. "माझ्यात काही कमी आहे असं मला वाटत नाही. लोकांना वाटतं. लोकांच्या वाटण्यासाठी मी गोळ्या खाऊ का?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "मी वीस वर्षांची असताना हे निघालं असतं, तर मात्र धावत गेले असते. तेव्हा मला कुणी सांगितलं असतं की डोकं कापून दुसरं बसव, तरी बसवलं असतं." हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. वीस वर्षांच्या मुलीचा होकार आणि चौतीस वर्षांच्या बाईचा नकार, दोन्ही एकाच बाईचे.

तिसरीने मूल दत्तक घेतलं आहे. मुलगी आता दुसरीत आहे. ती म्हणाली, "पुण्याची बातमी पेपरात आली तेव्हा मी दोन रात्री झोपले नाही. वाटलं, थोडं थांबायला पाहिजे होतं का. तिसऱ्या दिवशी पोरीला ताप आला, मग विसरले." ती असंही म्हणाली की ज्यांना करायचं त्यांनी करावं, तिला त्यांचा हेवा नाही. पण बारशाला बोलावत नाहीत त्याचा राग अजून आहे. पाळण्याला हात लावू देत नाहीत. दत्तक मुलीची आई असून!

बायांनो, हे आपण करतो. पुरुष नाही करत. ओटी भरताना कुणाला वगळायचं, डोहाळजेवणाला कुणाला मागच्या रांगेत बसवायचं, हे आपण ठरवतो. मागच्या आठवड्यात आमच्यातल्याच एकीच्या घरी बारसं होतं. आम्ही तिला विचारलं. ती म्हणाली, "सासूबाई नको म्हणाल्या." कार्यक्रम करणाऱ्या बाईच्या घरची ही गत.

चौथीची गोष्ट सगळ्यात अवघड. तिच्या आईच्या फोनमुळेच हा कार्यक्रम करायचं ठरलं.

आई एक्कावन्न वर्षांची, मजुरीला जाते. तिने फोनवर विचारलं, "ताई, माझी पाळी गेली. पिशवी नुसती पडून आहे. लेकीला देते म्हणते. चालंल का?" इतकं सरळ. जशी घरातली जास्तीची कळशी लेकीला द्यावी. लेक सव्वीसची, लग्नाला पाच वर्षं झाली, जावई टेम्पो चालवतो. लग्नाआधी जावयाला सांगितलं होतं, सासरच्यांना नाही. आता सासरी कळलंय. सासू म्हणते, "पुण्यात बसवून देतात म्हणे, बसवून आणा. नाहीतर आम्ही दुसरी बघतो." एक एकर विकायची तयारीही दाखवली आहे. जावई गप्प आहे.

आम्ही लेकीशी वेगळं बोललो. ती म्हणाली, "आईला नाही म्हणायची हिंमत होत नाही आणि सासूला हो म्हणायची इच्छा होत नाही." आणि मग जे कुणीच विचारलं नव्हतं ते तिने सांगितलं. तिला मूत्रपिंड एकच आहे. ज्या गोळ्यांचा ताण मूत्रपिंडावर येतो, त्या गोळ्या आणि एकच मूत्रपिंड. याने शस्त्रक्रिया होणारच नाही असं नाही, ते तज्ज्ञ तपासून सांगतील. पण आईने फोन करेपर्यंत, सासूने जमीन विकायला काढेपर्यंत, ही गोष्ट कुणाच्या हिशेबातच नव्हती.

आणि "पिशवी पडून आहे" या शब्दांचं तर काय सांगावं. आपल्या भागात पिशवी म्हणजे एक तर मुलं व्हायचं यंत्र, नाहीतर अडचण. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांचा प्रश्न गाजला, सरकारी समितीने ८२ हजारांच्या आसपास बायकांची माहिती घेतली, तर त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. खाडा पडू नये, दंड बसू नये, अंगावरून जाण्याची कटकट नको म्हणून तिशी-पस्तिशीत काढलेल्या. आमच्या चमूतही एक आहे. हा कार्यक्रम लिहिताना ती म्हणाली, "मला कुणी दहा मिनिटं बसवून एवढं समजावून सांगितलं नव्हतं." तिची काढताना कुणाला घाई, हिची बसवताना कुणाला घाई. मधे बाईला विचारायचं राहून जातं.

आता कायदा थोडक्यात. अवयव देण्याचा कायदा १९९४ चा आहे. आई, बहीण, लेक, आजी या जवळच्या नात्यात देता येतं. सासू, मावशी किंवा मैत्रीण द्यायला निघाली तर सरकारी समितीची परवानगी लागते. पैसे घेऊन देणं-घेणं गुन्हा आहे. आणि परवानगी असलेल्या दवाखान्यातच हे करता येतं, तेव्हा कुणी एजंट गावात येऊन "स्वस्तात करून देतो" म्हणाला तर त्याला चहासुद्धा देऊ नका.

दुसरा मार्ग सरोगसीचा. हिची पिशवी नाही पण बीजकोष आहेत, म्हणून हिचा आणि नवऱ्याचा गर्भ दुसरीच्या पोटात वाढवता येतो. २०२१ च्या कायद्याने पैसे देऊन पोट भाड्याने घेणं बंद केलं. आता जी बाई हे करील तिचं लग्न झालेलं असावं, स्वतःचं मूल असावं, वय २५ ते ३५ असावं आणि आयुष्यात एकदाच. दवाखान्याचा खर्च आणि विमा एवढंच द्यायचं. जन्मतः पिशवी नसणं हे या कायद्यात मान्य कारण आहे. पण अशी बाई मिळायची कुठे? कायद्याने वाट ठेवली आहे, पण अरुंद आहे. चौथीच्या नणंदेने एकदा स्वतःहून विचारलं होतं, "वहिनी, मी करू का?" घरात कुणी ते पुढे बोललं नाही. जमीन विकायचं बोलणं झालं, नणंदेचं बोलणं ऐकलं नाही.

तिसरा मार्ग दत्तकाचा. तो सरकारी नोंदणीने, केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडून. थांबावं लागतं, कधी वर्षानुवर्षं. चौथा मार्ग मूल नसण्याचा. त्याला मार्ग म्हणायचं की नाही यावर आमच्यात भांडण झालं. अंगणवाडीतली म्हणाली, "मी त्याच रस्त्याने चौदा वर्षं चालतेय, रस्ता नाही कसा?" मग आम्ही लिहून टाकलं.

आमचं मत विचाराल तर, आम्ही या शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. जिला स्वतःच्या पोटात मूल वाढवायचंय, जिला सगळे धोके माहीत आहेत आणि तरी करायचंय, तिला "कशाला एवढा हट्ट" म्हणणारे आपण कोण? आपल्याला न मागता मिळालं म्हणून आपण तिला शहाणपण शिकवू नये. पण "बसवून आण, नाहीतर दुसरी आणतो" या धमकीखाली जी टेबलावर चढते, तिचा होकार आम्ही होकार मानत नाही. आणि आईचंही तसंच. लेक घरी परत येऊ नये म्हणून जी आई पोट पुढे करते, तिला आधी कुणीतरी सांगायला पाहिजे की तुझी लेक परत आली तरी चालेल. आम्ही तिला फोनवर हे सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुमचं खरं हाय, पर भाऊ नाही ना तिला." याच्यावर आमच्याकडे काही उत्तर नव्हतं. आजही नाही.

शेवटी त्यांनी पुण्याला जाऊन तज्ज्ञांना विचारायचं ठरवलं, नुसतं विचारायचं. ज्वारीची काढणी झाली की जाणार आहेत. आम्ही त्यांना कागदावर प्रश्न लिहून दिले. लेकीला एकच मूत्रपिंड आहे तर गोळ्या चालतील का. आईला काय होऊ शकतं. किती जणींवर केलं, किती जणींची पिशवी टिकली, किती जणींना मूल झालं. गर्भ तयार करण्यापासून पिशवी परत काढण्यापर्यंत सगळ्याचा मिळून खर्च किती, आणि मधेच पैसे संपले तर काय. आणि डॉक्टरला सांगायचं की लेकीशी पाच मिनिटं एकटीशी बोला, आई नको, सासू नको, नवरा नको. लेकीने कागदाची घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. कालच आईचा फोन आला, सासूबाईपण बरोबर येते म्हणते. येऊ दे, म्हटलं. तिनेही ऐकावं किती तास लागतात ते.

पुढच्या बुधवारी पंधरा वर्षांपुढच्या मुलींच्या तपासणीबद्दल डॉक्टरबाई स्वतः येणार आहेत. प्रश्न असतील तर दुपारी दोन ते चार फोन सुरू असतो, नाव सांगायची गरज नाही. आणि ती पहिली फोनवाली आता परीक्षेत आहे, ऐकत असली तर, बाळा, अभ्यास कर. पेपर संपले की फोन कर.